मेंदूला मार बसलेले मूल घरी आल्यावर : पालक, भावंडे आणि शिक्षक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुचाकीच्या अपघातात, गच्चीवरून किंवा झाडावरून पडून अथवा खेळताना डोक्याला जोरात लागून मेंदूला इजा झालेली दहा ते बावीस वर्षांची मुले-मुली रुग्णालयातून घरी येतात, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे, टाके काढण्याची तारीख आणि ‘फिजिओथेरपी सुरू ठेवणे’ एवढाच मजकूर असतो. हा असा का वागतो, शाळेत कधी पाठवायचे, पूर्वीसारखा होईल का, हे प्रश्न घरच्यांना पडतात ते त्यानंतर. पुनर्वसन विभागात काम करताना आई-वडील, आजी-आजोबा, भावंडे आणि शिक्षक यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. औषधे आणि शस्त्रक्रिया यांबाबत तुमच्या न्यूरोसर्जनचा शब्द अखेरचा मानावा.

फाइलवर ‘जीसीएस ७’ असे लिहिले आहे. म्हणजे आमचा मुलगा पंधरापैकी सातच राहणार का?

नाही. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. ही मोजपट्टी टीसडेल आणि जेनेट या ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी १९७४ मध्ये मांडली. तीत डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५ आणि हातापायांच्या हालचालीला ६ गुण असतात. सर्वांत कमी बेरीज ३ होते. १३ ते १५ असल्यास इजा सौम्य, ९ ते १२ असल्यास मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी असल्यास गंभीर समजली जाते. रुग्ण त्या घटकेला किती शुद्धीवर आहे, एवढेच हा आकडा सांगतो. पुढचा अंदाज बांधायला त्याहून अधिक उपयोगी पडते ती दुसरीच गोष्ट : अपघातानंतर रोजच्या घटना सलग लक्षात राहू लागायला किती दिवस लागले. मूल डोळे उघडते, बोलते, चहा मागते, आणि तरीही तासाभरापूर्वी मामा येऊन गेला हे त्याला ठाऊक नसते. अशा वेळी तो काळ अजून संपलेला नाही असे समजावे. म्हणून रुग्णालयात असतानाच एक दोनशेपानी वही करावी आणि आज काय आठवले, काय आठवले नाही, हे तारखेसह लिहीत जावे. ती वही पुढे डॉक्टर, शाळा आणि अपघाताचा दावा या तिन्ही ठिकाणी कामी येते.

शुद्धीवर येताना तो नळ्या ओढतो, शिव्या देतो, नर्सला मारायला धावतो. आमच्या घरात असे कोणी बोलत नाही. त्याचा स्वभावच बदलला का?

या अवस्थेत मेंदू जागा होत असतो, पण आपण कोठे आहोत, का आहोत आणि ही माणसे अंगाला हात का लावत आहेत, याचा त्याला उलगडा होत नसतो. त्या शिव्या कोणाला उद्देशून नसतात, पुढे त्या त्याला आठवतही नाहीत, आणि त्यावरून कायमच्या स्वभावाचा निष्कर्ष काढू नये. एका वेळी एकाच माणसाने जवळ थांबावे, हळू आणि छोट्या वाक्यांत बोलावे, टीव्ही बंद ठेवावा.

आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांची एक सवय मात्र कटाक्षाने मोडावी लागते. पलंगाशी उभे राहून “मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण?” अशी परीक्षा घेतली जाते; मुलगा चुकला की कोणी रडते, बरोबर आला की सगळे एकदम आनंदाने बोलू लागतात, आणि दोन्ही वेळा तो अधिकच बावरतो. त्याऐवजी “मी आत्या. आज सकाळी पुण्याहून आले. तू दवाखान्यात आहेस, तुझ्या डोक्याला लागलंय,” असे आपणच सांगून टाकावे आणि दर भेटीत तेच सांगावे. माहिती द्यावी, विचारू नये.

डोक्याच्या हाडाचा तुकडा काढून पोटात ठेवला आहे. असे किती दिवस राहणार?

मेंदूला सूज आली की बंद कवटीत दाब वाढतो. तो कमी करण्यासाठी हाडाचा तुकडा काढतात आणि तो टिकून राहावा म्हणून पुष्कळदा पोटाच्या त्वचेखाली ठेवतात. काही रुग्णालयांत तो अतिशीत पेटीत जपला जातो. सूज ओसरल्यावर, जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो परत बसवतात. तो वापरण्याजोगा नसेल तर टायटॅनियमसारख्या पदार्थाचा कृत्रिम तुकडा घालतात. तोवर त्या बाजूवर झोपू देऊ नये आणि उठता-बसताना डॉक्टर सांगतील ते संरक्षक शिरस्त्राण घालावे. तेथे खोलगटपणा दिसला तर घाबरू नये, पण तो भाग फुगून ताठ झाला किंवा मूल अधिक सुस्त झाले तर त्याच दिवशी दाखवावे.

लहान वयात मेंदू लवकर भरून येतो, असे सगळे सांगतात. खरे आहे का?

अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे घरोघर गैरसमज होतात. वाढत्या मेंदूत नवी जोडणी करण्याची क्षमता अधिक असते हे बरोबर. परंतु जे कौशल्य अजून घडायचेच आहे, ते घडवणारा भाग दुखावला गेला असेल तर त्याची उणीव आज दिसत नाही. ज्या वयात ते कौशल्य लागते त्या वयात ती उघडी पडते. कपाळामागचा, म्हणजे नियोजन करणारा, मनाला आवर घालणारा, परिणामांचा अंदाज घेणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. त्यामुळे दहाव्या वर्षी इजा झालेली मुलगी पाचवी-सहावी सुरळीत पार करते आणि आठवी-नववीत, विषय वाढले, प्रकल्प आले, वेळापत्रक स्वतः सांभाळायची वेळ आली की अचानक मागे पडते. तेव्हा चार वर्षांपूर्वीचा अपघात कोणाच्या ध्यानातही नसतो आणि मुलीवर ‘लक्ष नाही’ असा शिक्का बसतो. शाळा बदलताना, दहावीला आणि महाविद्यालयात प्रवेश घेताना जुनी फाइल पुन्हा काढून दाखवावी, असा माझा आग्रह असतो तो यासाठी.

पूर्ण बरा व्हायला किती महिने लागतील?

डोक्याला लागले, क्षणभर भोवळ आली, सीटी स्कॅन स्वच्छ आहे, अशा सौम्य इजेत बहुतेक मुले चार आठवड्यांत पूर्ववत होतात. अशा मुलांना अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे पूर्ण झोपवून न ठेवता धावपळ टाळणे, मोबाइलचा पडदा कमी, आणि मग त्रास न वाढेल इतपत चालणे-फिरणे. आधी शाळा आणि मग खेळ, हा क्रम मोडू नये. पहिली इजा बरी होण्याआधी डोक्याला दुसरा मार बसणे अतिशय धोक्याचे असते, म्हणून कबड्डी, फुटबॉल किंवा लेदर बॉलचे क्रिकेट डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय सुरू करू नये. पहिल्या काही दिवसांत उलट्या वाढल्या, डोकेदुखी वाढतच गेली, मूल उठवूनही नीट उठेना, बोलणे अडखळू लागले, फिट आली, किंवा नाकाकानातून पाणी आले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

मध्यम आणि गंभीर इजेचे गणित वेगळे असते. सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, नंतर गती मंदावते, पण दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही हळूहळू बदल होत राहतात. चालणे बहुधा आधी येते; स्मरण, वेग आणि मनावरचा ताबा मागाहून. गंमत म्हणावी की दुर्दैव, मुलगा चालू लागला की नातेवाईक ‘बरा झाला’ असे जाहीर करतात आणि घरच्यांना मदतीची खरी गरज लागते ती नेमकी तेथून पुढे.

सकाळी जरा काही केले की पुन्हा आडवा होतो. आळशी झाला आहे असे त्याचे वडील म्हणतात. थोडे रागावून बघावे का?

रागावून काहीही साधणार नाही. या थकव्याविषयी जितके सांगावे तितके थोडे आहे, कारण तो दिसत नाही आणि झोप काढून जात नाही. निरोगी माणूस आंघोळ करताना विचार करत नाही. या मुलाला मात्र पाणी गरम आहे का, साबण कोठे ठेवला, आता पाठ झाली की राहिली, तोल सांभाळायचा आहे, अशा प्रत्येक गोष्टीसाठी लक्ष खर्च करावे लागते. कोल्हापूरकडच्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या आईला मी दिवसाची नोंद ठेवायला सांगितली होती. साडेसातला ब्रश आणि आंघोळ, आठला सगळ्यांबरोबर बसून पोहे. शेजारी मिक्सर चालू, आजोबांची बातम्यांची वाहिनी चालू, धाकटी बहीण शाळेची गडबड करत असलेली. नऊला तो चिडचिडा, साडेनऊला अंथरुणात. दुसऱ्या आठवड्यात फक्त एवढेच बदलले की आंघोळ दहा वाजता, बहीण आणि आजोबा आपापल्या कामाला गेल्यावर, आणि त्याआधी वीस मिनिटे शांत पडून राहणे. अकराला तो फिजिओथेरपीच्या व्यायामाला स्वतः बसला. त्याची ताकद आठ दिवसांत वाढली नव्हती. ती वाया जाणे थांबले होते.

म्हणून विश्रांती थकल्यावर देऊ नये, थकण्याआधी द्यावी. कठीण काम दिवसाच्या चांगल्या वेळी ठेवावे. एका बाजूला बोलणे आणि दुसऱ्या बाजूला टीव्ही, असे दोन आवाज एकत्र येऊ देऊ नयेत. दुपारची झोप मात्र अर्ध्या-पाऊण तासावर जाऊ देऊ नये, नाहीतर रात्रीची झोप बिघडते आणि सारे चक्र उलटे फिरते. वडिलांना ही नोंदवही वाचायला द्यावी. समजावून सांगण्यापेक्षा तिचा परिणाम अधिक होतो.

तोच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारते. जुने सगळे आठवते, मग सकाळचे का आठवत नाही?

जुन्या आठवणी मेंदूत पक्क्या बसलेल्या असतात. नवीन माहिती बसवण्याची यंत्रणा दुखावलेली असते. तिसरीतल्या बाईंचे नाव सांगणारी मुलगी सकाळी गोळी घेतली का हे सांगू शकत नाही, यात लबाडी नाही. “आत्ताच तर सांगितलं!” हे वाक्य घरातून हद्दपार करावे. पाठांतर करून घेतल्याने स्मरणशक्ती स्नायूसारखी बळकट होते, ही समजूतही सोडावी. त्यापेक्षा आठवणीचे काम बाहेरच्या वस्तूंवर सोपवावे.

एकच वही, एकच जागा, एकच पेन दोरीने बांधलेले. पहिल्या पानावर नाव, घरचा पत्ता, अपघाताची दोन ओळींत हकिकत. पुढे रोजचे एक पान, डाव्या बाजूला काय करायचे आणि उजवीकडे काय झाले. प्रश्न आला की उत्तर तोंडी देऊ नये, “वहीत बघू या” म्हणावे आणि पान उघडून द्यावे. सुरुवातीला हे कठोर वाटते, पण तीन-चार आठवड्यांत हात आपोआप वहीकडे जाऊ लागतो, आणि ती सवय एकदा लागली की मोबाइलमधील गजर आणि यादी यांवर जाता येते. नवे काही शिकवताना “आठव बघू, प्रयत्न कर” असे म्हणून चुकीचे उत्तर ओढून काढू नये. अशा मुलांच्या डोक्यात चुकीचे उत्तरच घट्ट बसते. बरोबर पायरी आधी दाखवावी, लगेच करून घ्यावी, मग आधार हळूहळू काढावा.

क्षुल्लक कारणावरून ताट फेकतो, आणि पाच मिनिटांनी काही झालेच नाही असा वागतो. काय करावे?

प्रथम औषधांची यादी पाहावी. फिट येऊ नये म्हणून दिली जाणारी लेव्हेटिरासिटाम ही गोळी काहींमध्ये चिडचिड वाढवते; तसे वाटल्यास डॉक्टरांना सांगावे, पण कोणतीही फिटची गोळी स्वतःहून बंद करू नये, कारण एकाएकी बंद केल्यानेच फिट येऊ शकते. त्यानंतर वेळ पाहावी. बहुतेक स्फोट ठरावीक वेळी होतात : जेवणाआधी, पाहुणे आल्यावर, थेरपीहून परतल्यावर, दोन माणसांनी एकदम सूचना दिल्यावर. आठ-दहा प्रसंग लिहून काढले की नमुना दिसू लागतो, आणि मग रागाशी न भांडता त्याच्या आधीच्या अर्ध्या तासावर काम करता येते.

भडका उडाल्यावर वाद घालू नये, उपदेश करू नये, कारण त्या वेळी ऐकणारा भागच कामावर नसतो. आवाज खाली आणावा, माणसे कमी करावीत, विषय बदलावा. शांत झाल्यावरही “का केलंस असं?” याचे उत्तर त्याच्याकडे असेलच असे नाही. पण इजा झाली म्हणून सर्व काही चालवून घ्यावे, असाही याचा अर्थ नाही. आईवर किंवा बहिणीवर हात उगारला तर ती व्यक्ती न बोलता खोलीबाहेर जाईल, हा नियम घरात एकच असावा आणि आजीनेसुद्धा तो मोडू नये.

किशोरवयात आणखी एक गोष्ट घरच्यांना फार लाज आणते : चारचौघांत अश्लील बोलणे, अनोळखी मुलीच्या अगदी जवळ जाणे, सगळ्यांना मोबाइल क्रमांक देणे. हा वळणाचा दोष नसून सुटलेल्या लगामाचा परिणाम आहे. तेथल्या तेथे, छोट्या आणि स्पष्ट शब्दांत, “एक हात अंतर ठेव,” असे सांगावे. घरी जाऊन दिलेले व्याख्यान वाया जाते.

दूध करपले तरी तिला कळले नाही. नाकाचा काही संबंध आहे का?

आहे. डोक्याला हादरा बसतो तेव्हा नाकाच्या छतातून मेंदूत जाणारे वासाचे नाजूक तंतू तुटू शकतात. मुले ही तक्रार सांगत नाहीत, ‘जेवण बेचव लागते’ एवढेच म्हणतात. अशी मुलगी घरात एकटी असताना गॅस गळाला तर तिला वास येणार नाही. म्हणून गॅस गळती ओळखणारे यंत्र बसवावे, रेग्युलेटर रोज रात्री बंद करण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि शिळे अन्न तिने वासावरून नव्हे, डब्यावर लिहिलेल्या तारखेवरून ठरवावे.

घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. बोलणे गेले आहे. कोणत्या भाषेत शिकवावे?

ज्या भाषेत ते मूल हट्ट करते, भांडते आणि स्वप्नात बडबडते, त्या भाषेपासून सुरुवात करावी. बहुधा ती मराठीच असते. दोन्ही भाषा सारख्याच वेगाने परततील असे नाही, म्हणून स्पीच थेरपिस्टला दोन्हींत तपासणी करायला सांगावी. ‘एकाच भाषेवर लक्ष द्या, दुसरी बंद करा’ असे घाईने ठरवू नये. बोलण्याआधी गाणे, आरती, पाढे, वार ओळीने म्हणणे हे येऊ शकते, कारण ते वेगळ्या वाटेने येते. त्याने हुरळून जाऊ नये, पण त्याचा वापर जरूर करावा.

शाळेत कधी पाठवावे, आणि शाळेला काय सांगावे?

घरी सलग तीस-चाळीस मिनिटे बसून काम करता येऊ लागले, की पाठवावे. पण पूर्ण दिवस नव्हे. पहिल्या आठवड्यात दोन तासिका, त्याही मधल्या सुट्टीच्या गोंगाटाआधी संपणाऱ्या, मग हळूहळू वाढ. पाठवण्याआधी वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि शक्य असल्यास थेरपिस्ट यांची एक बैठक घ्यावी. शिक्षकांना वैद्यकीय अहवालाची जाड फाइल देऊ नये. एका पानावर पाच-सहा वाक्ये द्यावीत. उदाहरणार्थ, ‘फळ्यावरून उतरवून घेणे आणि त्याच वेळी ऐकणे त्याला जमत नाही, टिपणाची झेरॉक्स द्यावी. एका वेळी एकच सूचना द्यावी. उत्तराला दहा सेकंद थांबावे. डोके बाकावर टेकवले तर उठवू नये.’ ते दहा सेकंद वर्गात फार लांब वाटतात, आणि बहुतेक शिक्षक चौथ्या सेकंदाला प्रश्न दुसऱ्याकडे वळवतात.

तोंडी चुणचुणीत बोलणारा मुलगा लेखी परीक्षेत अर्धा पेपर कोरा ठेवतो, तेव्हा प्रश्न ज्ञानाचा नसून वेगाचा असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. मेंदूची इजा त्यांत स्वतंत्र नावाने नाही, ही मोठी अडचण आहे. परंतु तिच्यामुळे उद्‌भवलेले हालचालीचे, वाचेचे, बौद्धिक, मानसिक किंवा एकाहून अधिक प्रकारचे दिव्यांगत्व त्यात बसते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणाचे प्रमाणपत्र मिळाल्यास सहा ते अठरा वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, आणि परीक्षांबाबतच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ यांची तरतूद आहे. मंडळाच्या सवलतींसाठी अर्ज शाळेमार्फत आणि परीक्षेच्या बऱ्याच आधी करावा लागतो. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून उपयोग नसतो. तपासणीला जाताना केवळ अस्थिरोग विभागात जाऊन येऊ नये. हातापायांत दोष नसेल तर तेथे ‘काही नाही’ असा शेरा मिळतो. स्मरण आणि विचारप्रक्रियेची मानसशास्त्रीय चाचणी करून तिचा अहवाल सोबत न्यावा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे काम या बाबतीत सोपे आहे, कारण तेथील विशेष शिक्षणाच्या कायद्यात १९९० पासून मेंदूची आघातजन्य इजा ही स्वतंत्र वर्गवारी आहे आणि शाळेला लेखी वैयक्तिक शिक्षण योजना करावी लागते. तशा योजनेचा कागद हाती असेल आणि कुटुंब भारतात परतत असेल तर तो जपून आणावा. येथील मुख्याध्यापकांना नेमके काय करायचे ते त्यावरून लगेच कळते.

अपघातानंतर वर्षभराने तिची उंची वाढणे थांबले. याचा संबंध असू शकतो का?

असू शकतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हादऱ्यात दुखावली गेल्यास वाढ, पाळी, तहान आणि ऊर्जा यांवर परिणाम होतो. काही मुलांत वयात येणे वेळेआधीच सुरू होते. दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन लिहून ठेवावे आणि शंका आल्यास हार्मोनतज्ज्ञांकडे रक्ततपासणी करावी.

खर्चाचे काय? अपघाताचा दावा कधी करावा?

केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नामनिर्देशित रुग्णालयात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करण्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून वकिलाकडे लवकर जावे. अर्ज लवकर आणि तडजोड सावकाश, हे सूत्र ठेवावे. तिसऱ्या महिन्यात ‘चालतो-बोलतो आहे’ म्हणून थोडक्यात मिटवलेले प्रकरण आठवीत-नववीत महागात पडते. बारा वर्षांच्या एका मुलीच्या गंभीर मेंदूइजेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांभाळणाऱ्या मदतनिसांचा खर्च ठोक अंदाजाने न देता वर्षांच्या गुणकाने मोजला होता. आई स्वतः सांभाळत असली तरी त्या श्रमाची किंमत मागावी.

कोणी स्टेम सेल सांगते, कोणी मेंदूचे टॉनिक, कोणी अंगारा. काय मानावे?

अंगारा लावल्याने किंवा नवस बोलल्याने आजीला धीर येत असेल तर त्यावरून घरात भांडण करू नये. फक्त त्यासाठी गोळी चुकू नये आणि उपास घडू नये. टॉनिकवर खर्च होणारे पैसे महिन्यातून दोन थेरपीच्या भेटींना पुरतात, एवढा हिशेब करून पाहावा. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराबाबत मात्र मी स्पष्ट बोलते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेंदूच्या इजेसाठी ते मान्य उपचार नाहीत आणि मंजूर संशोधन-चाचणीबाहेर ते देणे योग्य मानलेले नाही. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा जेथे लाखांचे पॅकेज सांगितले जाते तेथून उठावे.

धाकटी बहीण अबोल झाली आहे, आणि मी स्वतः रात्री रडते. हे कोणाला सांगावे?

मुलगा समोर जेवतो आहे आणि तरी पूर्वीचा मुलगा हरवला आहे, अशा दुःखाला आपल्याकडे जागाच नाही. ‘वाचला हे काय कमी आहे’ या वाक्याने ते दाबले जाते. ते बोलून दाखवणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. बहिणीला अपघाताची हकिकत तिच्या वयाच्या भाषेत सांगावी, तिला ‘आता तूच सांभाळायचं’ असे सांगू नये, आणि आठवड्यातून एक तास, भावाचा विषय न काढता, फक्त तिच्यासाठी ठेवावा.

त्याचे मित्र येईनासे झाले. बोलवावे का?

बोलवावे, पण दहा जणांना एकदम नव्हे. दोन मित्र, पाऊण तास, आणि हातात काही करायला असेल असे : कॅरम, पत्ते, मोबाइलवर जुने फोटो पाहणे. नुसत्या गप्पांत विषय भराभर बदलतात आणि हा मागे राहतो, मग चुकीच्या जागी हसतो, आणि मित्र अवघडतात. दाराशीच त्यांना सांगून ठेवावे की तो उत्तराला वेळ घेतो, तीच गोष्ट दोनदा सांगेल, आणि दमला की उठून जाईल. त्यात रागावण्यासारखे काही नाही. सोळा-सतरा वर्षांची मुले असे सांगितलेले नेटाने पाळतात, आपल्यापेक्षा जास्त.

पुन्हा दुचाकी चालवता येईल का? रोज हेच विचारतो.

काहींना येते, पण लवकर नाही. शिकाऊ परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणापत्रात फिट किंवा अचानक बेशुद्धी येते का, असा प्रश्न असतो आणि त्याचे खरे उत्तर द्यावे लागते. फिट नसली तरी डावी-उजवीकडची नजर, प्रतिक्रियेचा वेग, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे आणि उतावळेपणा या चार गोष्टी तपासल्याखेरीज थेरपिस्टने होकार देऊ नये. वयाची अठरा वर्षे पूर्ण नसतील तर हा प्रश्न मोकळेपणाने कायद्यावर ढकलावा. अठराच्या पुढच्या मुलाला ‘कधीच नाही’ असे म्हणू नये, ‘अमुक तारखेला पुन्हा तपासणी’ असे वहीत लिहून द्यावे, आणि ती तारीख खरोखर पाळावी. तोवर गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर ठेवू नये. नाही म्हणून सांगितलेले त्याला पटलेलेही असते, पण किल्ली दिसली की हात आधी जातो आणि सांगितलेले नंतर आठवते. वडिलांनी ती ऑफिसला जाताना खिशात घालून न्यावी, आणि दुसरी किल्ली कोठे आहे हेही आजच शोधून ठेवावे.